सही करताना मी काय मागितलं

माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा मारलं तेव्हा मी त्यांना दुसरी भाकर वाढत होते. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सात वर्षांत त्यांनी कधी आवाजही चढवला नव्हता. हात मागे घेते तोच कानाखाली अशी बसली की टोपल्यातल्या भाकरी जमिनीवर आणि मी त्यांच्यावर. मला आधी वाटलं, छतातून काहीतरी पडलं. मी वर बघितलं, मग त्यांच्याकडे. ते जेवत होते. घास नीट मोडून, वरणात बुडवून.

"काय झालं?" मी विचारलं.

"गरम आहे," ते म्हणाले. एवढंच.

ही सत्तरच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आम्ही महाल भागातल्या एका गल्लीत राहत होतो, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला लाकडी कठड्याची गॅलरी. मी, नवरा, सासूबाई आणि आमची पाच वर्षांची मुलगी. धाकटे दीर दोन गल्ल्या सोडून राहायचे. नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात टर्नर होता. सकाळी कंपनीची बस यायची, त्यात कुणी यांच्या पायावर पाय दिला तर हेच सॉरी म्हणायचे. मुलगी झाली तेव्हा तिची दुपटी हे गल्लीतल्या नळावर स्वतः धुवायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "हसा गा हसा," हे म्हणायचे आणि पिळत बसायचे.

असा माणूस. म्हणून त्या थपडेनंतर मी दोन दिवस हाच विचार करत होते की माझं काय चुकलं.

त्याआधीही काही गोष्टी झाल्या होत्या, पण त्यांचा अर्थ मला लागला नव्हता. एकदा चुलीवर डाळ लागून पार कोळसा झाली, घरभर धूर, आणि हे चुलीशेजारी पेपर वाचत बसलेले. मी नळावरून धावत आले. "वास नाही आला?" म्हटलं, तर माझ्याकडे बघून हसले. आंबलेला भात खाऊन टाकायचे. डोकं दुखायचं, म्हणून फडकं आवळून बांधायचे. सासूबाई म्हणायच्या, उन्हाचा आहे त्रास, कांदा ठेवत जा खिशात.

मग कारखान्यातला प्रकार झाला. शेजारच्या मशीनवरच्या कारागिराने यांचा पाना न विचारता उचलला. रोजचंच होतं ते, दोघे पाच वर्षांचे सोबती, डबा एकत्र खायचे. यांनी तो पाना त्याच्या हातातून हिसकला आणि त्याच्या तोंडावर मारला. तो खाली पडल्यावर पुन्हा मारला. जबडा दोन ठिकाणी तुटला. चौघांनी मिळून यांना धरलं, तरी आवरेनात. बस यायच्या वेळेआधीच कंपनीची जीप यांना घरी सोडून गेली. शर्टावर रक्त होतं. मी विचारलं कुणाचं, तर म्हणाले, "मशीनचं."

त्या दिवसापासून ते घरी. आणि घरी आम्ही तिघी.

पुढच्या सव्वा वर्षाचं सगळं मी लिहिणार नाही. लिहिता येणारही नाही, कारण मार खाणाऱ्याला एकेक मार वेगळा आठवत नाही, सगळ्याचा मिळून एक गोळा होतो. काही मात्र आठवतात. मी ओल्या केसांनी बसले होते तेव्हा केस मनगटाला गुंडाळून त्यांनी मला खोलीभर ओढलं होतं. मी चटणी वाटत होते तेव्हा माझ्या हातातला वरवंटा घेऊन भिरकावला. मी डोकं वाचवायला हात आडवा धरला. कोपराच्या खाली कट् असा आवाज आला, सुकी काडी मोडल्यासारखा. हाडवैद्याने बसवलं ते हाड, पण वाकडं बसलं. आजही तो हात सरळ होत नाही.

मार देऊन झाला की ते शांत व्हायचे. कधी कधी तर विचारायचे, "रडून काहून राहिली वं?" त्या प्रश्नाने जास्त भीती वाटायची.

सासूबाईंना त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यामुळे सासूबाईंचं ठरलेलं होतं. "त्याले बाहेरचं लागलं आहे. माझा लेक असा नाही." त्यांच्याच हट्टाने आम्ही यांना एका गावच्या बाबाकडे नेलं. दीर आणि त्यांचे दोन मित्र सोबत होते, नाहीतर यांना बैलगाडीत बसवणं शक्य नव्हतं. बाबाने यांना खांबाला बांधलं, नाकाखाली मिरच्यांची धुरी दिली. आम्ही दहा पावलांवर उभे राहून खोकून खोकून बेजार, आणि हे मात्र नाकात काही गेलंच नाही असे उभे. फक्त डोळ्यांतून पाणी. मग बाबाने ओल्या दोराने झोडायला सुरुवात केली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. दीर पाणी प्यायच्या निमित्ताने निघून गेले. मी बघत राहिले.

खरं सांगते, मला बरं वाटलं. पाठीवर दोर बसला की वळ उमटायचा, ते ओरडायचे, आणि माझ्या आत काहीतरी निवायचं. बाबा थांबला तेव्हा माझ्या मनात आलं, थांबला कशाला. हे मी कुणाजवळ बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर दोन दिवस ते झोपून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गॅलरीत बसून ताटली वाजवत होती. मी स्वयंपाकघरात खलबत्त्यात लसूण कुटत होते. ताटली वाजायची थांबली. मुलगी ओरडली नाही, रडली नाही, फक्त आवाज थांबला. मी तशीच बाहेर आले.

त्यांनी तिला कठड्याबाहेर धरलं होतं. एका हाताने, दंडाला. खाली फरशीचा रस्ता. तिचे पाय लोंबत होते आणि तिने तोंड घट्ट मिटलं होतं. आवाज केला तर बाप सोडून देईल, हे त्या सहा वर्षांच्या पोरीला कळलेलं होतं. खाली रस्त्यावर एक सायकल रिक्षावाला वर बघत उभा होता, हात पसरून.

"अहो," मी म्हटलं. मारणाऱ्या माणसालाही अहो म्हणायची सवय सुटत नाही. "अहो, आत घ्या तिला."

"आवाज करते," ते म्हणाले.

बोटं सैल होत होती, मला दिसत होतं. मी डाव्या हाताने मुलीचा फ्रॉक पकडला आणि उजव्या हातात लोखंडी बत्ता होता तो त्यांच्या डोक्यात घातला. जेवढा जोर होता तेवढा सगळा लावून. ते कठड्यावर आदळले, मुलगी माझ्या अंगावर आली, आम्ही दोघी मागे पडलो. ते उठायला लागले. मी दुसऱ्यांदा मारलं. दुसऱ्या वेळी मारायची गरज नव्हती. मुलगी माझ्याकडे होती, दार मागे उघडं होतं, पळता आलं असतं. पण मी मारलं.

रक्त गॅलरीतल्या फळ्यांमधून खाली रस्त्यावर ठिबकलं. त्याच रिक्षात घालून दिरांनी यांना दवाखान्यात नेलं. मुलीला शेजारणीकडे सोडून मी मागून गेले, हातात तो बत्ता तसाच. दाराशी एका नर्सने तो माझ्या हातातून काढून घेतला.

यांना शुद्ध आली तीच मारामारीने. टाके घालणाऱ्याचा चष्मा फोडला, तेव्हा हातपाय पलंगाला बांधले. कवटी फुटली का बघायला एक्स-रे काढला. आणि त्या एक्स-रेवरून तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं.

डॉक्टर पन्नाशीचे, बुटके, बोलताना बोटांनी टेबल वाजवायचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मार कसा लागला हा नव्हता.

"याला वास येतो का?"

मला डाळ आठवली. आंबलेला भात आठवला. मिरच्यांची धुरी आठवली. मी सगळं सांगितलं. ते उठले, यांच्या पलंगाजवळ गेले, डोळे मिटायला लावून नाकाखाली हिंगाची डबी धरली, मग लवंगाचं तेल. "कशाचा वास आहे?" हे म्हणाले, "कशाचाच नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मानेच्या शिरेत औषध टोचून पुन्हा फोटो काढले. दोन दिवसांनी मला, दिरांना आणि सासूबाईंना समोर बसवून त्यांनी सांगितलं, "मेंदूच्या खाली, दोन डोळ्यांच्या मधोमध गाठ आहे. आजची नाही, चार-पाच वर्षांची असेल. रागाला आवर घालणारा जो मेंदूचा भाग असतो, तोच तिने दाबून धरलाय."

"म्हणजे माझ्या मारामुळे नाही?" मी विचारलं.

"तुम्ही मारलं नसतं तर ही सापडली नसती," ते म्हणाले.

"आणि ते मारतात ते?"

"ते ती गाठ करते आहे असं समजा."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. सव्वा वर्ष मी ज्याला शिव्याशाप देत होते तो माणूस नव्हताच म्हणे, गाठ होती. मग माझा हात मोडला तो कुणी? मी रागवायचं कुणावर?

"काढता येते?" दिरांनी विचारलं.

डॉक्टरांनी टेबल वाजवणं थांबवलं. "काढता येते. कपाळाचं हाड उघडून आत जावं लागेल. अशी ऑपरेशनं मी तीन केली आहेत. एक माणूस वाचला आणि कामावर गेला. एक टेबलावरच गेला. एक जगला, पण आंधळा झाला. नाही काढली तर डोळे जातीलच, झटके येतील, मग माणूस अंथरुणाला खिळेल. वर्ष, दीड वर्ष. तोवर मारणं थांबेल असं मी सांगू शकत नाही. आठ दिवस आहेत. रक्ताची सोय करा आणि ठरवा. सही बायकोची लागेल."

बाहेर व्हरांड्यात आल्या आल्या सासूबाई म्हणाल्या, "डोकं नाही फोडू देणार मी त्याचं."

दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं." आणि मान खाली घातली. तेव्हापासून आठ दिवस ते हेच वाक्य बोलत राहिले.

माझे वडील खाप्याजवळच्या आमच्या गावाहून आले. शेतकरी माणूस, फार बोलायचे नाहीत. पलंगाला बांधलेल्या जावयाकडे त्यांनी दारातूनच बघितलं, मग माझ्या वाकड्या हाताकडे. तो हात त्यांनी आजवर पाहिला नव्हता, कारण मी माहेरी जायचंच टाळत होते. हात हातात घेऊन ते कितीतरी वेळ बोटाने त्या हाडाचा उंचवटा चाचपत राहिले.

"चाल घरी," ते म्हणाले. "पोट्टीले घे अन् चाल."

"आणि सही?"

"नको करू. मेला तं तुह्या डोक्यावर, जगला तं तुह्या डोक्यावर. त्याच्या मायनं करावी, भावानं करावी. तू कायले?"

त्यात खोटं काही नव्हतं. मी खरंच जायला निघाले होते. मुलीचे दोन फ्रॉक पिशवीत भरलेही. पण दवाखान्यात त्याच दिवसापासून यांना मेंदूची सूज उतरवायचं इंजेक्शन सुरू झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दीर धावत आले. "वहिनी, दादा तुम्हाले बोलावून राहिला. नीट बोलून राहिला. पहिल्यासारखा."

मी गेले. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर. त्यांचे डोळे वेगळे होते. सव्वा वर्षात विसरलेच होते मी ते डोळे.

"मले काहून बांधलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मारता."

"कोणाले?"

"मला. सगळ्यांना."

ते सासूबाईंकडे बघायला लागले. "काय वं माय, खरं आहे का हे?"

"नाही रे राजा," सासूबाई म्हणाल्या. "काही नाही केलं तू. डोकं दुखते तुहं, एवढंच."

मी पदर बाजूला करून हात पुढे केला. वाकडं हाड, त्यावर वरवंट्याची खूण. मग मान वळवून कानामागची जागा दाखवली, जिथे केस उपटले गेले होते आणि पुन्हा आलेच नव्हते. मुलीला गॅलरीबाहेर धरलं होतं ते सांगितलं. मी हळू सांगू शकले असते. सांगितलं नाही. एकेक शब्द फेकून मारला. त्यांना लागावं म्हणूनच सांगत होते.

त्यांचं तोंड पांढरं पडलं. मग म्हणाले, "पोट्टी कशी आहे?"

"बोलत नाही. त्या दिवसापासून एक शब्द नाही बोलली."

"कापू दे मले," ते म्हणाले. "नाही वाचलो तं नाही. पण बांधूनच ठेव. मायनं म्हटलं तरी सोडू नको."

हे ऐकून माझं मन वळलं असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. उलट मला जास्त भीती वाटली. हाच माणूस उद्या वाचला, पण गाठ अर्धीच निघाली तर? आंधळा झाला आणि हात तसेच राहिले तर? आंधळा माणूस चाचपडत घरभर मला शोधतो आहे, असं मला दिवसाउजेडी दिसायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तिघांपैकी जो टेबलावर गेला, त्याच्या बायकोचा मला हेवा वाटला. त्या आठ दिवसांत मी हा हेवा किती वेळा केला त्याला मोजदाद नाही.

सहाव्या दिवशी दुपारी सासूबाईंनी यांचे हात सोडले. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पाणी भरत होते. लेक शहाण्यासारखा बोलतो आहे, मनगटं काचली आहेत, आईच्या हातून खिचडी खातो आहे. त्यांना बघवलं नाही. मी वळले तोवर उजवा हात सुटला होता आणि त्या डाव्या हाताची गाठ सोडत होत्या. त्या म्हणत होत्या, "घे, तूच खा आता, तुह्या हातानं."

यांनी पाण्याचा पितळी गडवा उचलला आणि आईच्या तोंडावर मारला.

सासूबाई पडल्या नाहीत. पलंगाची दांडी धरून उभ्या राहिल्या. यांनी दुसऱ्यांदा मारलं, तोंडावरच, त्याच जागी. मी गडवा धरला तर माझा गळा धरला. मला आठवतं ते एवढंच, की त्यांचा अंगठा माझ्या नरड्यावर होता, अंगठ्याला खिचडी लागलेली होती, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. काहीच नव्हतं. मी त्यांच्या मनगटाला चावले. दातांना हाड लागेपर्यंत चावले. दोन वॉर्डबॉय आणि शेजारच्या रोग्याचा भाऊ अशा तिघांनी मिळून त्यांना आडवं केलं. एकाने छातीवर गुडघा ठेवला. मी जमिनीवर बसून श्वास शोधत होते आणि माझ्या तोंडात त्यांचं रक्त होतं.

सासूबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ओठ फाटून लोंबत होता. हाताच्या तळव्यावर दोन दात होते, त्या त्यांच्याकडे बघत होत्या. मी पदर ओला करून त्यांच्या तोंडाला लावला.

"कर सही," त्या म्हणाल्या. शब्द नीट फुटत नव्हते. "पण मी सांगितलं म्हणू नको कोणाले."

वडील दोन पावलांवर उभे होते. घरी चल असं त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही. पण रक्ताची वेळ आली तेव्हा बाही वर करून पहिले तेच बसले.

सही मी त्याच दुपारी केली. टेबलावर कागद, डॉक्टर शेजारी उभे. कागदावर लिहिलं होतं की जिवाला धोका आहे हे मला समजावून सांगितलं आहे. मी सातवी शिकलेली, नीट वाचलं. आणि नाव लिहिता लिहिता मी देवाजवळ मागितलं, टेबलावरच संपू दे. वाचव म्हटलं नाही. बरा कर म्हटलं नाही. संपू दे म्हटलं. मग पेन खाली ठेवलं.

"हिंमतीच्या आहात," डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

ऑपरेशन आठव्या दिवशी सकाळी सुरू झालं. आत नेताना त्यांचं डोकं भादरलेलं होतं, माझ्या बत्त्याच्या दोन खुणा त्यावर स्पष्ट दिसत होत्या, एक लहान, एक मोठी. मोठी दुसऱ्या वेळची. आम्ही आवारातल्या कडुनिंबाखाली बसलो. सासूबाईंच्या ओठाला टाके होते, त्या नुसत्या झुलत होत्या. ऊन एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. दोनदा आतून माणूस आला, रक्त कमी पडतं म्हणून. दुसऱ्यांदा आला तेव्हा दीर गेले. आत जाण्याआधी झाडामागे जाऊन उलटी करून आले, पण गेले.

मी मागितलेलं मिळतं आहे, असं मला वाटायला लागलं. आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, मला नळावर दुपटी पिळणारा माणूस आठवला. मी मागितलेलं परत घ्यायचा प्रयत्न केला. पण असं परत कसं घेतात ते मला माहीत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर रक्त वाळलेलं होतं. त्यांनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, "निघाली. पुढचं दोन दिवसांनी कळेल." मी म्हटलं, मला ती बघायची आहे. त्यांनी बघू दिली. तामचिनीच्या थाळीत होती. लिंबापेक्षा मोठी, संत्र्यापेक्षा लहान, करडी. मला वाटत होतं तिच्यावर पाय द्यावा, चिरडावी. मी काही केलं नाही. नर्स थाळी घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, उजवा चांगला होता. वास पुढे आयुष्यभर कधी आला नाही. पण हात शांत होते. हात सोडायचा दिवस आला तेव्हा गाठी मी सोडल्या, आणि सोडून लगेच मागे सरले. ते हात पांघरुणावर तसेच पडून राहिले.

सव्वा वर्षातलं त्यांना काहीही आठवत नव्हतं. पानाही नाही, वरवंटाही नाही, गॅलरीही नाही. इंजेक्शनच्या दिवसांत मी सांगितलेलंही पुसलं गेलं होतं. मला वाटलं होतं, आजार गेला की भीती जाईल. भीती कुठेही गेली नाही. कित्येक महिने मी विळा, बत्ता, वरवंटा धान्याच्या कोठीत दडवत होते. त्यांनी पाणी मागायला हात उचलला तरी माझा खांदा वर यायचा. ते बघायचे आणि हात हळूच खाली घ्यायचे. मुलगी बोलायला लागली, पण जेवताना ती त्यांच्या हाताच्या अंतरात बसत नसे. पुढे मोठी झाल्यावरही बसली नाही.

कारखान्याने त्यांना स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. पहिल्याच दिवशी ते त्या सोबत्याकडे गेले, ज्याचा जबडा मोडला होता. त्याचं तोंड एका बाजूला वाकडंच राहिलं होतं. यांनी म्हटलं, मले आठवत नाही, पण मी केलं म्हणतात. त्या माणसाने सगळ्यांसमोर यांच्या तोंडात दोन थपडा मारल्या. हे उभे राहिले. तो रडायला लागला. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा गाल सुजलेला होता. मला सांगताना म्हणाले, "चांगलं केलं त्यानं."

पुढे बारा वर्षं ते जगले आणि हृदयाच्या झटक्याने गेले. त्या बारा वर्षांत त्यांनी कुणावर हात उगारला नाही. ऑपरेशनला दोन वर्षं झाल्यावर एकदा आम्ही माझ्या माहेरी गेलो होतो. खाप्याला कन्हान नदीच्या काठी धुणं वाळत घातलं होतं आणि आम्ही दोघंच बसलो होतो. त्यांनी माझा वाकडा हात उचलून मांडीवर घेतला. हा हात कुणी मोडला ते त्यांना आधीच इतरांकडून कळलं होतं, पण माझ्या तोंडून ऐकलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"सांग मले," ते म्हणाले. "सगळं सांग."

मी सांगितलं. या वेळी फेकून नाही मारलं. थपडेपासून गडव्यापर्यंत सांगितलं. बाबाकडे मला बरं वाटलं होतं तेही सांगितलं. दुसऱ्यांदा बत्ता मारायची गरज नव्हती, तेही. आणि शेवटी सहीचं सांगितलं. म्हटलं, मी सही केली तेव्हा तुम्ही मरावं म्हणून केली.

ते पाण्याकडे बघत होते. एका डोळ्याने बघायचे म्हणून मान जरा तिरकी असायची. मग विचारलं, "पोट्टीले माहीत आहे का हे?"

"नाही."

"नको सांगू." आणि माझा हात तसाच धरून, "तू काहून रडून राहिली आता? कापलं ना त्यायनं. झालं ना काम."

मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"राग?" ते म्हणाले, आणि त्या शब्दाला इतके घाबरले की त्यांनी हात सोडला आणि दोन्ही हात स्वतःच्या काखेत घालून बसले. मी ते हात बाहेर काढले. जोर लावून काढावे लागले. मग आम्ही धुणं गोळा केलं.